अर्धा मिली आणि ‘हार्टवर येईल’ची धास्ती

पावसाळ्यात कापसाच्या शेतात कुणाला ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, की यावल, शिरपूर, अक्कलकुव्याकडची माणसं सरकारी दवाखाना गाठतात. तिथं सर्पविषावरची लस सलाईनमधून चढते. ती घोड्याच्या रक्तापासून बनते आणि काहींना सोसत नाही. अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. यावर पहिलं औषध ॲड्रेनालिन. पण पेशंट साठीचा, बीपीवाला असला की देणाऱ्याचा हात कचरतो. हार्टवर आलं तर?

ही धास्ती औषधाइतकीच जुनी. १८९०च्या दशकात ऑलिव्हर आणि शेफर यांनी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचा अर्क जनावरांच्या शिरेत टोचला, तेव्हा रक्तदाब भराभर चढला. १९०१मध्ये जोकिची ताकामिने यांनी त्यातलं शुद्ध ॲड्रेनालिन जगापुढे आणलं. पुढच्याच वर्षी रिशे आणि पोर्तिए यांनी समुद्रफूल या सागरी प्राण्याचं विष आधी पचवलेल्या कुत्र्यांना पुन्हा थोडंसंच दिलं, तर ती काही मिनिटांत मेली. अशा जीवघेण्या ॲलर्जीलाच ॲनाफिलॅक्सिस नाव पडलं. रिशे यांना १९१३चं नोबेल मिळालं.

घोळ आहे तो ॲड्रेनालिनच्या अँपुलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत. १ मिलीत १ मिलिग्रॅम. हृदय थांबलेल्याला तेवढं सगळं शिरेतून देतात. ॲलर्जीत मात्र मोठ्या माणसाला अर्धा मिली पुरतो, तोही मांडीच्या स्नायूत. घाईत अख्खी अँपुल शिरेत गेली, तर ठोके बेताल होतात, हृदयाच्या धमन्या आखडतात, क्वचित झटकाही येतो. २०१५च्या एका अमेरिकी अभ्यासात शिरेतून एकदम दिलेल्या दर १० डोसांमागे १ वेळा हृदयाचा त्रास झाला. स्नायूतल्या डोसांत हेच प्रमाण १.३ टक्के होतं.

पूर्वी हे इंजेक्शन दंडाच्या कातडीखाली देत. १९९८मध्ये मुलांवर मोजून पाहिलं, तेव्हा मांडीतून औषध सरासरी ८ मिनिटांत रक्तात शिखराला पोचलं, कातडीखालून ३४ मिनिटं लागली. गुदमरणाऱ्याला ३४ मिनिटं कुठली?

दुसरी गोष्ट १९९१मध्ये ग्रीसच्या कूनिस यांनी मांडली: ॲलर्जी स्वतःच हृदयाच्या धमन्या आखडवते. म्हणजे छातीत दुखलं, की दोष दरवेळी इंजेक्शनचाच असतो असं नाही. आणि श्रीलंकेत तर २०११च्या एका चाचणीत हजारावर सर्पदंशाच्या पेशंटमध्ये लस चढवण्याआधीच पाव मिलिग्रॅम ॲड्रेनालिन कातडीखाली देऊन पाहिलं. गंभीर रिॲक्शन बऱ्याच कमी झाल्या.