चाळीस तोंडांचं प्रवाळ

रात्री साडेआठला खोलीतला दिवा मालवायचा. काचेच्या टाकीतले पंप बंद करायचे, म्हणजे पाणी स्थिर होतं. मग पिपेटमध्ये सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, पाणी घ्यायचं, आणि खडकाच्या खोबणीत जो नारिंगी बोंडांचा झुबका दिसतो त्यावर दोन थेंब सोडायचे. बोंडं दिवसभर मिटलेली असतात, झेंडूच्या कळ्यांसारखी. पाच मिनिटं काहीच होत नाही. दहाव्या मिनिटाला एका बोंडाच्या टोकाला पिवळी किनार दिसते, आणि अर्ध्या तासात तिथे कळ्या नसतातच. चाळीस पिवळीजर्द फुलं असतात आणि प्रत्येक फुलाच्या मधोमध एक तोंड असतं.

माझा भाचा मस्कतला नोकरीला आहे. गेल्या मे महिन्यात मी तीन आठवडे त्याच्याकडे राहिलो. त्याची रात्रपाळी होती, त्यामुळे त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या सन कोरल या प्रवाळाला, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या समुद्री जीवाला, भरवायचं काम माझ्याकडे आलं. गोव्यात फोंड्याला परतल्यावर शेजारच्या मुलीला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. तिच्याकडे गप्पी माशांची छोटी काचपेटी आहे. तिनं लगेच विचारलं, “काका, हे आपल्याकडे पाळता येईल?” तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे.

उथळ, उजेडातल्या समुद्रात प्रवाळखडक बांधणारी बहुतेक प्रवाळं अंगात सूक्ष्म शैवालं बाळगतात. शैवालं सूर्यप्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. त्या प्रवाळांसाठी ऊन म्हणजेच जेवण. पाणी फार तापलं की ही शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. सन कोरलच्या अंगात अशी शैवालं मुळीच नसतात. त्याचा केशरी रंग शैवालांचा नाही. नाव सूर्याचं असलं तरी त्याला ऊन लागत नाही. समुद्रात ते कड्यांखाली, गुहांच्या छताला, बुडालेल्या जहाजांच्या पोटाशी वाढतं आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे बारीक जीव पकडून खातं.

त्याचं शास्त्रीय नाव ट्युबास्ट्रिया. घरच्या टाक्यांत बहुधा ट्युबास्ट्रिया कॉक्सिनिया किंवा फॉकनेरी या जाती दिसतात. कॉक्सिनियाचं वर्णन लेसन या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकानं १८३० च्या सुमारास पॅसिफिकमधल्या बोरा बोरा बेटावरच्या नमुन्यावरून केलं.

समुद्रात अन्न सतत वाहत येतं. टाकीत ते येत नाही, कारण पाणी स्वच्छ ठेवण्यासाठीच तर आपण गाळण्या लावतो. म्हणून सन कोरल पाळणं म्हणजे भरवणं. प्रत्येक तोंडाला, आठवड्यातून निदान दोन-तीनदा. एका तोंडात घातलेला घास शेजारच्या तोंडाला पुरेल यावर फार विसंबता येत नाही. भाच्याचं पहिलं प्रवाळ असंच गेलं. दुकानदारानं सांगितलं होतं, “दिवा लागत नाही, सोपं आहे.” दिवा लागत नाही हे खरं, पण भरवायचं कोणी सांगितलं नाही. तीन महिन्यांत बोंडांमधली कातडी मागे सरत गेली, आतला पांढरा चुनखडी सांगाडा उघडा पडला, आणि एकेक बोंड उघडायचंच बंद झालं. तो अजून त्याबद्दल बोलताना गप्प होतो.

आता त्याची रीत ठरलेली आहे. गोठवलेले मायसिस, म्हणजे अर्ध्या-एक सेंटिमीटरचे कोळंबीसारखे जीव, टाकीच्या थोड्या पाण्यात वितळवायचे. ते नसतील तर सुंगटाचे बारीक तुकडे. वितळलेलं पाणी आधी सोडायचं, कारण प्रवाळाला डोळे नाहीत, त्याला अन्नाचा वास लागतो, म्हणजे पाण्यात विरघळलेली अमिनो आम्लं. फुलं उमलली की प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग त्यावर उपडा ठेवायचा आणि तोंडातून पिपेट आत घालायची. हा आडोसा नसेल तर मासे आणि झिंगे प्रवाळाच्या तोंडातला घास ओढून नेतात. मी एक झिंगा हे करताना पाहिला. पिवळ्या फुलात पाय रोवून तो शांतपणे घास उपसत होता.

एक मायसिस स्पर्शिकेला, म्हणजे फुलाच्या पाकळीसारख्या बोटाला, टेकला की चिकटतो. स्पर्शिकांवर दंशपेशी असतात, त्या सूक्ष्म विषारी धागे सोडतात. मग बाजूच्या स्पर्शिका आत वळतात, मधली फट रुंदावते आणि मायसिस शेपटीसकट आत सरकत जातो. दोन-तीन मिनिटं लागतात. मी पहिल्या रात्री मोठा तुकडा घातला. प्रवाळानं तो घेतला खरा, पण सकाळी तो तसाच बाहेर पडलेला होता. दुसऱ्या दिवसापासून तुकडे मायसिसएवढेच केले.

नवीन आणलेलं प्रवाळ कधी कधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त उघडतच नाही. तेव्हा रोज ठरल्या वेळी वास दाखवत राहायचं. वेळ पाळली तर ते त्या वेळेला उघडायला लागतं. उरलेलं अन्न त्याच पिपेटनं काढून घ्यायचं, नाहीतर ते कुजतं, नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतात आणि सगळीकडे शेवाळ माजतं. म्हणून त्या टाकीला जोरकस स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र, आहे आणि पाणी नेमानं बदललं जातं. तापमान २४ ते २६ अंश, क्षारता दर हजारी ३५ भाग, कॅल्शियम दर दशलक्षी ४०० ते ४५० भाग. सांगाडा चुन्याचा असल्यामुळे कॅल्शियमची गरज इतर कठीण प्रवाळांसारखीच आहे. जागा मात्र सावलीची.

आणताना बोंडांच्या मुळाशी भिंगातून पाहावं. एक पिवळी शंखगोगलगाय यावर जगते, आणि फेस्टिला नावाची एक बिनशंखाची समुद्रगोगलगायही. दोघींचा रंग प्रवाळाशी मिळताजुळता असतो. भुकेल्या पाहुणीला डोळ्यासमोर बसूनही दिसू न देणारा हा रंग मला फार अद्भुत वाटतो.

आता शेजारच्या मुलीचा प्रश्न. नाही, आपल्याकडे नको. भारतात सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. वास्कोच्या पलीकडे ग्रँड आयलंडच्या आसपास पाण्याखालच्या खडकांवर आपल्या गोव्याची प्रवाळं आहेत. त्यातला तुकडा तोडून आणणं गुन्हा आहे. पावसाळ्यात मांडवी-झुवारीचं लाल गढूळ पाणी अंगावर घेऊन ती तगली आहेत. तिथे पत्र्यासारखं पसरणारं टर्बिनारिया हे प्रवाळ मिळतं. ते सन कोरलचं चुलत भावंड, दोघांचं कुळ एकच. पण टर्बिनारियाच्या अंगात शैवालं आहेत. एकाच घरातल्या दोघांपैकी एकानं उन्हाची वाट धरली, दुसऱ्यानं शिकारीची. मुलीला हे इतकं आवडलं की तिनं दोघांची चित्रं शेजारी शेजारी काढली.

नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे. सन कोरल मूळचं हिंदी-प्रशांत महासागरातलं. कॅरिबियन समुद्रात त्याची पहिली नोंद १९४३ ची, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते ब्राझीलच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातून तेल काढण्याच्या फलाटांवर आढळलं. आज तिथल्या खडकांवर ते स्थानिक प्रवाळांची जागा व्यापतं आहे. टाकीत लाड करावे लागतात, पण अन्न वाहतं असलं तर ते कुठेही रुजतं. टाकीतलं पाणी किंवा प्रवाळाचा तुकडा कधीही समुद्रात टाकायचा नाही, हे मस्कतलाही लागू आहे.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोटो आला. टाकीच्या मागच्या काचेवर, पंपाच्या सावलीत, मोहरीएवढे दोन केशरी ठिपके. प्रवाळ पोटात अळ्या वाढवतं आणि त्या पाण्यात सोडतं. त्या तरंगत जाऊन जिथे चिकटतात तिथे नवं बोंड धरतं. खाली एकच ओळ होती, “मामा, यांना मायसिस मोठा पडेल ना?” मी कळवलं, नुकतीच अंड्यातून निघालेली आर्टेमिया, म्हणजे मायसिसहून कितीतरी बारीक कोळंबीसारखे जीव, दे, आणि पिपेटचं टोक काचेला लावू नकोस.