२५ अंशांचा उजेड आणि परभणीचा मे

मे महिन्यात परभणीतल्या पत्र्याच्या गाळ्यात ५० वॅटचा एलईडी फ्लडलाइट लावा. थोड्याच वेळात मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बोट टेकवत नाही. उजेड उतरल्यासारखा वाटला की आपल्याकडे पहिला आळ व्होल्टेजवर. पण ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, बरा असेल तर व्होल्टेज थोडं पडलं तरी तो करंट कायम ठेवतो. उजेड खातो तो ताप.

खोक्यावरच्या लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, आकड्यात हा ताप सहसा धरलेला नसतो, आणि त्याला कारण जुनं आहे. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्याला दिसणारा लाल एलईडी केला. नंतर कितीतरी वर्षं त्याचं काम म्हणजे रेडिओवरचा, कॅल्क्युलेटरमधला ठिपका. २० मिलिअँपिअर, २ व्होल्ट, म्हणजे ०.०४ वॅट. एवढ्यात तापणार काय? उजेडाची मोजणी चिप २५ अंशांवर असताना होत असे आणि त्यात कुणाचं बिघडत नव्हतं.

१९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी आला, त्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्याचा काही उजेड पिवळा करणारा लेप, चढवून पांढरा झाला. दशक संपेपर्यंत मिलिमीटरभर चिपमधून ३५० मिलिअँपिअर धावू लागले. इथं खरी मेख आहे. तारेचा बल्ब आपली बहुतेक उष्णता किरणांवाटे बाहेर फेकतो. एलईडीची चिपमध्येच साठते आणि सोल्डर, पट्टी, उष्णता पुढे नेणारी पेस्ट, पाती असा मागच्या दारानं प्रवास करते. वाट तुंबली की चिप तापते, आणि तापलेल्या चिपमध्ये जास्त इलेक्ट्रॉन उजेड न देताच विझतात. १०० अंशांवर पांढऱ्याचा दहा-पंधरा टक्के उजेड जातो, लाल-पिवळ्याचा जवळपास निम्मा. गार झाला की तो परत येतो. वर्षानुवर्षं भाजून झालेली झीज मात्र येत नाही.

कारखान्यात तरीही चिप काही मिलिसेकंद पेटवून २५ अंशांवरच प्रतवारी चाले. लाखो चिपा, प्रत्येक तापवत कोण बसणार! २०११-१२ च्या सुमारास काही कंपन्या ८५ अंशांवर मोजू लागल्या. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि ९ वॅटचे बल्ब आमच्या वाड्या-तांड्यांवर पोचले. बाहेर ४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त, चिपच्या तापमानाची वाढ वर ५० धरली तरी शंभरीच्या जवळ.

परवा मंद झाला म्हणून आलेला एक फ्लड उघडला. चिपखाली पेस्टचा थेंब नव्हता. सगळा भार दोन स्क्रूंवर.