एकाच ‘मँटेका’तले दोन सोलो

जॅझमधला सोलो, म्हणजे एकट्या वादकाने तिथल्या तिथे रचत वाजवलेला भाग, ऐकताना मागे काँगा (हातांनी वाजवायचा उंच क्यूबन ढोल) असला की आफ्रो-क्यूबन जॅझ आणि नसला की बीबॉप (१९४०च्या दशकातली वेगवान जॅझशैली), अशी विभागणी सर्रास केली जाते. फरक ओळखायचा तर सोलोखालच्या कॉर्डकडे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटाकडे, कान द्यावा.

ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडने डिसेंबर १९४७मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘मँटेका’त दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी सापडतात. हवानाहून न्यूयॉर्कला आलेल्या काँगावादक चानो पोसोने आणलेला भाग जवळजवळ एकाच कॉर्डवर उभा आहे: आधी बासची ओळ, मग एकेका वाद्यसमूहाचा थर. एवढ्यावरच राहिलं तर रचना जागच्या जागी फिरत बसेल असं वाटून गिलेस्पीने ब्रिज, म्हणजे मधला वेगळा भाग, लिहिला. ठरवला होता आठ बारचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट). सुरावट मूळ सुरावर, बी-फ्लॅटवर, परतेना, म्हणून सोळा बारचा झाला.

ब्रिजमध्ये कॉर्ड सरकत राहतात. अशा जागी बीबॉपचा वादक कॉर्ड बदलताच नव्या कॉर्डचा मूळ सुरापासून तिसरा किंवा सातवा सूर पकडतो. साथ थांबवली तरी त्याच्या एकट्याच्या ओळीतून कॉर्ड ऐकू येतात.

मोंतुनोत, म्हणजे पियानो दोन-चार बारची एकच आकृती घोळवत ठेवतो त्या भागात, हे कसब पुरत नाही. कॉर्ड मोजकेच आणि तेच ते. ‘मग सोपंच की!’ असं वाटतं, आणि बीबॉपमध्ये मुरलेले वादकही नेमके इथेच अडखळतात. क्लावे या क्यूबन संगीताच्या आधारभूत तालाकृतीचे पाच ठोके दोन बारमध्ये पसरलेले असतात, एकात तीन, दुसऱ्यात दोन. सोलोचं वाक्य त्यांच्या विरोधात गेलं, तर सगळे सूर बरोबर असूनही ते खटकतं. त्यात बास पुढच्या बारचा सूर आधीच्या बारच्या चौथ्या मात्रेवरच वाजवून मोकळा होतो. पहिल्या मात्रेची वाट पाहणारा उशिराच पोचणार. तबलावादनातला लेहरा आठवा. पेटी तेच फिरवत राहते म्हणूनच तबल्याला एवढा मोकळेपणा मिळतो. मोंतुनोला हार्मनीचं, म्हणजे कॉर्डच्या रचनेचं, दारिद्र्य म्हणणं मला म्हणूनच अजिबात पटत नाही.

न्यूयॉर्कच्या पियानोवादक एडी पाल्मिएरीच्या १९६५च्या ‘अझुकार’मधला पियानो ऐका. डावा हात मोंतुनो सोडत नाही आणि उजवा त्याच्यापासून लांब लांब जात राहतो, त्याच कॉर्डवर.