खान्देशातली मदत केंद्रं: शिध्यापासून कागदापर्यंत

जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा, नंदुरबार. यांपैकी कुठल्याही गावात चौकशी केली तर एखादं मदत केंद्र सापडतंच. कुणीतरी बिनभाड्याने दिलेला गाळा किंवा मंगल कार्यालयामागची खोली, भिंतीशी तांदळाची कट्टी, कपाटात वह्या आणि जुने स्वेटर, दाराजवळ एक टेबल. पगारी माणूस एकही नाही. निवृत्त मास्तर, बँकेतून बाहेर पडलेले साहेब, कॉलेजची पोरं-पोरी, किराणा दुकानदार यांच्या पाळ्यांवर सगळं चालतं. कधीपासून सुरू आहे म्हणून विचारलं, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: करोनापासून. फलकावरची तारीख पाहिली तर ते बरोबरही असतं. पण या खोल्यांमध्ये जे चालतं ते इथे दीडशेहून अधिक वर्षांत टप्प्याटप्प्याने मुरत गेलेलं आहे, आणि प्रत्येक टप्प्याने मदतीची वेगळी रीत घालून दिली आहे.

सगळ्यात जुनी रीत पेठेची. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच सुमाराला मुंबईहून निघालेली रेल्वे खान्देशात पोहोचली आणि जळगाव-धरणगाव-अमळनेर पट्ट्यात जिनिंग, अडत आणि सावकारी फोफावली. कापसाच्या व्यवहारात धर्मादाय म्हणून थोडी रक्कम बाजूला काढायचा व्यापाऱ्यांचा रिवाज होता. त्यातून धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ उभे राहिले. दुसरीकडे मठ-मंदिरांचे भंडारे होतेच. अमळनेरला सखाराम महाराजांच्या वाडीत, बोरीच्या काठी, वैशाखातल्या यात्रेला हजारोंच्या पंगती उठत. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी एकदम पाचशे माणसांची करायची तर खान्देशात आजही आचारी शोधावा लागत नाही, गल्लीतली माणसंच करतात. केंद्रांना स्वयंसेवक सहज मिळतात त्यामागे ही सवय आहे. मात्र या रीतीला एक कुंपण होतं. पंगत कुणाची, कुठे बसायची, कुणी उठल्यावर कुणी बसायचं, हे जातीवर ठरे. आणि जो दारी येईल त्यालाच मिळे. सातपुड्यातून उतरून सालदारकी, म्हणजे वर्षभराच्या बोलीवर शेतमजुरी, करणारा भिल्ल, ज्याच्या सालाचा हिशेब दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मिटे आणि त्याच दिवशी पुढच्या सालाची उचल डोक्यावर चढे, त्याच्यासाठी पेठेच्या धर्मात जागा फारशी नव्हती.

1899-1900 चा दुष्काळ, म्हणजे विक्रम संवत 1956 चा छप्पन्नचा काळ, गुजरात आणि खान्देश दोन्हीकडे सारखाच आला. त्या वेळी इंग्रज सरकारकडे दुष्काळ संहिता तयार होती. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर ती घडली होती. तिचा गाभा असा: अंगात जोर आहे त्याने खडी फोडायची, माती वाहायची आणि पोटापुरती मजुरी घ्यायची; ज्याला काम करणं शक्यच नाही त्याला फुकट शिधा किंवा गरीबखाना. मजुरी मुद्दाम इतकी कमी ठेवलेली की गरज नसलेला माणूस कामावर येऊच नये. खरा गरजू ओळखायची ही सरकारी कसोटी. आजही एखाद्या केंद्रात धडधाकट माणूस शिधा मागायला आला की स्वयंसेवकाच्या कपाळाला आठी पडते. ती आठी, माझ्या मते, छप्पन्नच्या काळाइतकी जुनी आहे.

स्वतःच्या हाताने सेवा करायची, नुसते पैसे द्यायचे नाहीत, हा विचार मात्र पेठेतला नाही आणि सरकारचाही नाही. तो अमळनेरच्या एका वसतिगृहातून आला असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. साने गुरुजी 1924 मध्ये तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे छात्रालयाचे प्रमुख झाले. मुलांची अंथरुणं घड्या करून ठेवायची, खोल्या झाडायच्या, कंदिलाच्या काचा पुसायच्या, आजारी मुलाजवळ रात्र काढायची. रोज हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ भिंतीवर लागायचं. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे हा सगळा काळ जेमतेम सहा वर्षांचा, पण त्या मुलांमधून पुढे जिल्ह्याला कार्यकर्ते मिळाले. मग डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि नंदलाल बोसांनी बांबूची सजावट केली होती, या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. त्याआधी कित्येक आठवडे पूर्व खान्देशातल्या गावोगाव फिरून स्वयंसेवक जमवले गेले, आणि मैला उचलण्यापासूनची सफाई त्या स्वयंसेवकांनी केली, हे तेवढं सांगितलं जात नाही. सवर्ण घरातल्या पोरांनी पाटी उचलावी ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. 1941 मध्ये राष्ट्र सेवा दल नव्याने उभं राहिलं तेव्हा त्याला खान्देशात जमीन तयार होती ती अशी.

डोंगरात याच सुमाराला वेगळं काही घडत होतं. तळोदा भागात 1938 च्या आसपास गुला महाराजांमागे हजारो भिल्ल जमू लागले. एकमेकांना ‘आप’ म्हणायचं, रोज आंघोळ करायची, दारू सोडायची. बाहेरून कुणी मदत घेऊन आलं नव्हतं. लोकांनी आपणच आपल्याला सावरायला घेतलं होतं. सावकारांची धास्ती आणि सरकारचा संशय दोन्ही या चळवळीला भोगावे लागले. मदत केंद्रांच्या इतिहासात गुला महाराजांचं नाव कुणी घेत नाही. घ्यायला हवं, कारण दारूबंदीपासून बचत गटापर्यंत जे काही पुढे सातपुड्यात टिकलं, ते या वळणावरचं आहे.

मग 1972. त्या दुष्काळाच्या आठवणी अजून जित्या आहेत. विहिरी तळाला गेल्या, ढोरं विकली, दुष्काळी कामांवर नाला-बंडिंग आणि पाझर तलाव निघाले. खान्देशचा माणूस खाण्याच्या बाबतीत हट्टी. त्याला दादर ज्वारी लागते, कळण्याची भाकरी लागते. त्याच्या पुढ्यात अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, पडला. भाकरी थापताना तुटायची, घशाखाली उतरायची नाही. कामावर मुलांना सुकडी मिळे, ती मात्र मुलं आवडीने खात. आजच्या केंद्रांतल्या किटमध्ये गव्हाचं पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, हळद-तिखट, साबण असतं, ज्वारी क्वचित. विचारलं तर सांगतात, ज्वारीला टोके लागतात. कारण खरं आहे. तरी घेणाऱ्याला काय रुचतं हे देणाऱ्याने धरलंच नाही, ही मिलोच्या वेळची खोड अजून गेलेली नाही.

त्या दुष्काळाने एक मोठं काम केलं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. सरकारने काम देणं ही मेहेरबानी न राहता मागणाऱ्याचा हक्क झाला. आणि मागायचं म्हणजे अर्ज. नमुना भरायचा, पोच घ्यायची. जो लिहू शकत नाही त्याला लिहून देणारं कुणीतरी लागणार, हे तिथूनच सुरू झालं.

शहाद्याने ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली. तापी-गोमाईच्या सुपीक पट्ट्यातल्या आदिवासींच्या जमिनी सावकारी आणि गहाणखतांतून गेल्या होत्या. अंबरसिंग महाराज हा तिथलाच भिल्ल कार्यकर्ता, आधी भजनं आणि सर्वोदयाच्या वाटेने काम करणारा. 1971 मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला आणि महाराष्ट्रभरातून तरुण मुलं-मुली शहाद्याकडे वळली. 1972 च्या जानेवारीत भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. पडीक जमिनी परत मिळवणं, सालदारांची मजुरी, बायकांनी गुत्त्यांवर जाऊन फोडलेली दारूची मडकी, हे सगळं त्याच दोन-तीन वर्षांतलं. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा 1974 चा. त्याचं श्रेय एकट्या शहाद्याला देता येणार नाही, पण शहादा नसतं तर तो त्या वेळी आला असता का, याची मला शंका आहे.

या कार्यकर्त्यांना शिधावाटप मनापासून आवडत नसे. पोटाला दिलं की माणूस मिंधा होतो, त्यापेक्षा त्याचा सातबारा काढून द्या, असा त्यांचा विचार. ते सातबारा वाचायला शिकले, फेरफार समजून घेतला, तलाठ्याच्या दप्तरापुढे ठाण मांडलं. पेठेची रीत आणि शहाद्याची रीत यांचं बरीच वर्षं जमलं नाही. एकाला दुसरे भडकवणारे वाटत, दुसऱ्याला पहिले पुण्य विकत घेणारे. आज दोन्ही एकाच खोलीत दिसतात. भिंतीशी पेठेची कट्टी, दाराशी शहाद्याचं टेबल.

त्या टेबलाशी तासभर बसलं की बरंच कळतं. मागच्या पावसाळ्यात एका केंद्रात मी बसलो होतो. तिथे सगळे ज्यांना आप्पा म्हणतात ते निवृत्त तलाठी. समोर तळोद्याकडची एक बाई, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड.

“अंगठाच लागस नही, आप्पा.”

आप्पांनी तिचा हात उलटा करून पाहिला. उसाच्या पाचटाने आणि कोयत्याने बोटांच्या रेघा घासून गेलेल्या. “माय, दुसरी बोटं लावून पाहिली का दुकानात? मोबाईल कोणाचा जोडलाय?” मोबाईल थोरल्या पोराचा, पोरगा बारडोलीकडे. मग आप्पांनी रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर टाकून पाहिला. सहा माणसांपैकी चारच नावं ऑनलाइन. धाकटी दोन मुलं कार्डावर पेनाने लिहिलेली, संगणकात नाहीत. “आता नाव चढवायचं तर इष्टांक शिल्लक आहे का ते तहसीलला पाहावं लागेल,” आप्पा म्हणाले. तिला शब्द कळला नसावा, अर्थ कळला.

इष्टांक ही काय भानगड आहे हे सांगायला हवं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना धान्य मिळावं याची मर्यादा केंद्राने 2011 च्या जनगणनेवरून बांधली. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी आले, ते जिल्ह्यांना आणि तालुक्यांना वाटले गेले. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. त्यानंतर जन्मलेली मुलं, वेगळी झालेली घरं यांना जागा मिळते ती कुणाचं नाव कमी झालं तरच. वरून कुणी काही अडवलेलं दिसत नाही, फक्त यादीत जागा नसते.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर दाखला कुठून आणणार? आप्पांसारख्या माणसाला माहीत असतं की गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूचं जुनं कोतवाल बुक, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पाहायचं आणि त्यात पणजोबाच्या नावापुढे जात लिहिलेली सापडू शकते. हे ज्ञान कुठल्याही किटमध्ये घालून देता येत नाही. म्हणूनच वाटपाचे फोटो निघतात आणि टेबलाचा निघत नाही, तरी केंद्राचं खरं काम टेबलावर होतं असं माझं मत आहे.

स्थलांतराचा धागा यात सगळीकडे गुंतला आहे. बारडोलीचा साखर कारखाना 1950 च्या दशकात सुरू झाला आणि दक्षिण गुजरातच्या उसाला खान्देशचे मजूर लागले. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळी झाली की ट्रक. मुलं बरोबर जातात, शाळा सुटते. साखरशाळा, म्हणजे ऊसतोडीच्या जागी भरणाऱ्या शाळा, निघाल्या त्या अशाच मुलांसाठी. रेशन मात्र गावातच राहायचं. ऑगस्ट 2019 मध्ये एक देश एक रेशनकार्ड योजनेची चाचणी ज्या दोन जोड्यांमध्ये झाली त्यातली एक गुजरात-महाराष्ट्र होती. आता निम्मं धान्य म्हाताऱ्यांनी गावात उचलायचं, उरलेलं कोयत्यावरच्या जोडप्याने तिकडे, असं करता येतं. अट एवढीच की प्रत्येकाचा आधार जोडलेला हवा आणि केवायसी झालेली हवी.

2020 च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून, धुळे-शिरपूरवरून, बिजासन घाटाच्या दिशेने माणसांच्या रांगा चालल्या होत्या. रस्त्याकडेच्या गावांनी पिठलं-भाकरी, पाणी, चपला दिल्या. आजच्या बऱ्याच केंद्रांच्या फलकावर जी तारीख आहे ती त्या उन्हाळ्याच्या आगेमागेची. शासनाने त्याच काळात आदिवासी कुटुंबांना 4,000 रुपयांचं खावटी अनुदान जाहीर केलं, निम्मं खात्यात, निम्मं वस्तूंमध्ये. भाकरी वाटणारे तरुण त्याचे फॉर्म भरू लागले आणि टेबल तिथून खोलीत आलं.

पैशाची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पूर्वी वर्गणी आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी एवढ्यावर भागे. 2014 पासून कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी येऊ लागला. त्याला वाटलेल्या किटचा आकडा आणि फोटो लागतात. दाखल्यासाठी तहसीलला घातलेल्या चार खेपांचा खर्च त्यात बसत नाही. त्या खेपा स्वयंसेवकाच्या पेट्रोलवर होतात.

याचा परिणाम दिवाळीच्या तोंडावर दिसतो. ट्रक दारात येण्याआधीचे तीन आठवडे केवायसी, मुलांची नावं, मोबाईल जोडणं या कामांना सोन्यासारखे असतात. पुढचे पाच-सहा महिने माणसं सापडत नाहीत. नेमक्या त्याच तीन आठवड्यांत बहुतेक केंद्रं फराळाच्या किटमध्ये गुंतलेली असतात, आणि टेबल फराळाचे डबे ठेवायला घेतलेलं असतं.