हाच फ्लॅट का निवडला? सर्व्हेतल्या रँडम आकड्यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

सर्व्हेचा अहवाल हातात पडला की ग्राहक हमखास विचारतात, परळच्या चाळीतली नेमकी हीच खोली आणि कांदिवलीच्या टॉवरमधला नेमका हाच फ्लॅट तुम्ही का घेतला? घर आमची माणसे निवडत नाहीत. ‘आर’ या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम रँडम आकडा काढतो आणि त्या आकड्याचे घर आम्ही गाठतो. मात्र प्रोग्रामकडे आकडा मागताना गफलत झाली, तर निवड रँडम दिसते, पण असत नाही.

मुंबईत प्रत्येक इमारतीतल्या घरांच्या आकड्यांची रेंज वेगळी. कुठे ४ बिऱ्हाडे, कुठे ४० खोल्या, कुठे २०० फ्लॅट. आरला प्रत्येक इमारतीची खालची आणि वरची मर्यादा दोन कॉलममध्ये दिली की ज्या त्या ओळीला तिच्याच हद्दीतला आकडा मिळतो. इथवर सोपे आहे. पण हा आकडा दशांशात येतो, २.७३ सारखा, आणि घराला नंबर पूर्णांकात असतो. म्हणून अनेक जण १ ते ४ मधला आकडा काढून जवळच्या पूर्णांकात बदलतात. त्यात १ ला फक्त १ ते १.५ एवढीच जागा मिळते, २ ला मात्र १.५ ते २.५. म्हणजे कडेच्या दोन घरांची शक्यता प्रत्येकी एक षष्ठांश आणि मधल्या दोघांची प्रत्येकी एक तृतीयांश. २०० फ्लॅटच्या टॉवरमध्ये ही तूट दोनच घरांपुरती, कोणाच्या लक्षातही येत नाही. ४ बिऱ्हाडांच्या बैठ्या घरात निम्म्या लोकांवर अन्याय होतो. आम्ही ० ते १ मधला आकडा घेऊन त्याला घरांच्या संख्येने गुणतो, दशांश भाग टाकून देतो आणि १ मिळवतो. सगळ्यांना सारखी संधी.

आरमधल्या ‘सॅम्पल’ या फंक्शनची एक खोडी प्रोग्रामरनाही फसवते. त्याला यादी दिली की ते यादीतून निवडते. पण यादीत एकच घर उरले असेल, समजा ७ नंबरचे, तर ते ७ ही संख्या वरची मर्यादा समजून १ ते ७ मधले काहीही देते. चूक झाल्याची सूचनाही येत नाही. एकच घर उरलेल्या इमारती आम्ही म्हणूनच वेगळ्या काढतो.

फ्लॅट नंबर थेट वापरण्यातही धोका आहे. पहिल्या मजल्यावर १०१ ते १०४, मग एकदम २०१. आकडा १५० आला तर? ‘पुढचा फ्लॅट घ्या’ म्हटले की १०५ ते २०० हे सगळे आकडे २०१ च्याच पदरात पडतात. त्यात टॉवरमध्ये रेफ्युज फ्लोअर (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला मजला), तळमजल्यावर दुकाने. म्हणून आधी राहत्या घरांना १ पासून सलग अनुक्रमांक देतो, मग आकडा काढतो.

प्रत्येक इमारतीतून एकच घर घेतले, तर ४ बिऱ्हाडांतल्या घराची संधी टॉवरमधल्या घराच्या पन्नासपट असते. सरासरी काढताना टॉवरच्या उत्तराला २०० आणि लहान घराच्या उत्तराला ४ असे वजन द्यावे लागते. स्वस्त कोटेशनमध्ये हे वजन बऱ्याचदा गायब असते, विचारून घ्या.

निवड पुन्हा तपासता यावी म्हणून अहवालासोबत ‘सीड’चा आकडा, म्हणजे ज्यापासून प्रोग्राम रँडम आकडे काढायला सुरुवात करतो तो आकडा, आणि आरची आवृत्ती देतो. सीड तोच ठेवला की तेच आकडे पुन्हा येतात. आवृत्ती सांगायचे कारण, २०१९ मधल्या ३.६.० पासून ‘सॅम्पल’ची आतली पद्धत बदलली, त्यामुळे जुन्या आरमध्ये त्याच सीडवर वेगळी घरे निघू शकतात. दोन मर्यादांमधला रँडम आकडा देणारे एक्सेलचे ‘रँडबिटवीन’ हे फंक्शन आम्ही टाळतो. शीटमध्ये काहीही बदलले की ते आधी काढलेले आकडेही बदलते.

दार बंद असेल तर शेजारचे घर घेत नाही. राखीव घरांची यादी आकडे काढतानाच काढून ठेवलेली असते, तिच्यातले पुढचे नाव घेतो.

सोसायटीची यादी पाठवताना दुकाने आणि रिकामी घरे खूण करून पाठवावीत. एखादे घर वगळायचे असेल तर कारणासह आकडे काढण्याआधी कळवावे. नंतर यादीत बदल होत नाही, मग घर चेअरमनसाहेबांचे का असेना.