‘सेव्ह झालं’ म्हणजे नेमकं कुठवर झालं?

प्रोग्रॅम फाइलमध्ये काही लिहितो, ऑपरेटिंग सिस्टिम ‘झालं’ म्हणते आणि प्रोग्रॅम पुढच्या कामाला लागतो. त्या क्षणी डिस्कवर बहुधा काहीच उमटलेलं नसतं. मजकूर मेमरीतल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून असतो आणि तो खाली कधी उतरवायचा हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या सोयीनं ठरवतो. मेमरीच्या तुलनेत डिस्क फारच मंद, म्हणून ही तडजोड जाणूनबुजून केलेली आहे. पण मधेच वीज गेली तर काय, हा प्रश्न तिच्यासोबतच आला आणि आजही पुरता सुटलेला नाही.

सुरुवातीच्या युनिक्समध्ये यावरचा उपाय साधा होता. ‘अपडेट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी कॅश डिस्कवर उतरवायला सांगायचा. मशीन बंद करण्यापूर्वी ‘सिंक’ ही आज्ञा हाताने द्यायची, तीही तीनदा, अशी जुन्या मंडळींची सवय होती. ती अंधश्रद्धा वाटते, पण तिला कारण होतं. ‘सिंक’ फक्त काम सुरू करून परत यायची, संपेपर्यंत थांबायची नाही. तीन वेळा टाइप करण्यात गेलेला वेळच खरा उपयोगी पडायचा.

डिस्कवर एखादी फाइल थोडी वाढवायची म्हटलं तरी किमान तीन ठिकाणी लिहावं लागतं: मजकुराचा ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक मापाचा तुकडा), फाइलची माहिती ठेवणारा आयनोड आणि मोकळ्या ब्लॉकांची यादी. डिस्क हे तिन्ही एका दमात लिहू शकत नाही. आयनोड लिहून झाला आणि यादी राहिली, तर तोच ब्लॉक ‘मोकळा’ समजून दुसऱ्या फाइलला दिला जातो. मग दोन फाइली एकमेकींवर लिहीत बसतात आणि कुणाला कळतही नाही. अशी मोडतोड शोधण्यासाठी टेड कोवाल्स्की यांनी १९७० च्या दशकात ‘एफएससीके’ हे तपासणीचं साधन लिहिलं. डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीतल्या फास्ट फाइल सिस्टिमनं पुढचं पाऊल टाकलं: आयनोड आणि डिरेक्टरीतले महत्त्वाचे बदल ठरावीक क्रमानं आणि थेट डिस्कवर लिहायचे, म्हणजे मोडतोड झालीच तरी ती दुरुस्त होण्याजोगी राहील. किंमत म्हणजे हजार फाइली पुसायच्या तर प्रत्येक वेळी डिस्कची वाट बघत बसायचं.

डॉसची फॅट सिस्टिम मुख्य तक्त्याच्या दोन प्रती ठेवून निभावून न्यायची. चेकडिस्क हे तिचं तपासणीचं साधन चालवल्यावर ‘चेक’ असं शेपूट लावलेल्या, कशातले कोण जाणे अशा तुकड्यांच्या फाइली उगवलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ती निभावणूक किती तकलादू होती ते सांगायला नको. ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ हा विंडोज ९५ चा संदेशही याच काळजीतून आलेला. कॅश रिकामी होईपर्यंत बटणाला हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ.

डिस्क मोठ्या होत गेल्या तशी संपूर्ण डिस्क चाळणारी तपासणी तासन्‌तास चालू लागली. उत्तर डेटाबेसवाल्यांकडे आधीपासून होतं. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच लॉगचं तंत्र बांधलं होतं: बदल करण्याआधी, काय बदलणार आहोत ते वेगळ्या जागी लिहून ठेवायचं. हिशेबाची सवय असलेल्याला हे लगेच कळेल. आधी रोजकीर्द, मग खतावणी. वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचायची. नोंद पूर्ण असेल तर पुन्हा उतरवायची, अर्धवट असेल तर सोडून द्यायची. १९८७ मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेतल्या सीडर फाइल सिस्टिमसाठी रॉबर्ट हॅगमन यांनी हेच वापरलं. १९९० च्या आसपास आयबीएमची जेएफएस, १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत एनटीएफएस, मग सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस अशी रांगच लागली. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी३ नोव्हेंबर २००१ मध्ये आली.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. यातल्या बहुतेक सिस्टिम जर्नलमध्ये, म्हणजे त्यांच्या या रोजकीर्दीत, फक्त मेटाडेटा (आयनोड, डिरेक्टरी अशी फाइलींविषयीची माहिती) लिहितात. म्हणजे अपघातानंतर फाइल सिस्टिमचा सांगाडा शाबूत राहतो. तुमचा मजकूर राहीलच असं नाही. ईएक्सटी३ मध्ये मजकूरही जर्नलमधून नेण्याची सोय होती, पण तो दोनदा लिहावा लागे. मूळ पर्याय मधला होता: मजकूर आधी जागेवर, मग त्याचा मेटाडेटा जर्नलमध्ये, आणि हे साधारण दर ५ सेकंदांनी. त्यामुळे लिहिलेलं थोड्याच वेळात आपोआप सुरक्षित होतं, याची प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना सवय लागली.

शिवाय ‘एफसिंक’ ही आज्ञा देऊन एका फाइलचा मजकूर डिस्कवर पोहोचल्याची हमी मागितली, तर ईएक्सटी३ जवळजवळ सगळंच साचलेलं काम डिस्कवर ढकलायची. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ त्यामुळे लिनक्सवर अडखळू लागला आणि एफसिंक टाळलेलाच बरा, हा धडा अनेकांनी घेतला.

तो वर्षभरातच अंगाशी आला. ईएक्सटी३ ची पुढची आवृत्ती ईएक्सटी४ वेगासाठी ब्लॉकची जागा ठरवणंच लांबणीवर टाकत होती. नवी फाइल लिहून ती जुन्या नावावर चढवायची, ही सगळ्यांची रीत. आता नाव बदलल्याची नोंद जर्नलमध्ये आधी पोहोचायची आणि मजकूर मागे राहायचा. २००९ च्या सुरुवातीला मशीन अचानक बंद पडल्यावर सेटिंग्जच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्याच्या तक्रारी आल्या. ईएक्सटी४ चे प्रमुख थिओडोर त्सो यांचं म्हणणं, युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकानं अशी हमी कधी दिलीच नव्हती, एफसिंक करायला हवा होता. नियमानुसार ते बरोबर होते. पण वर्षानुवर्षं चाललेली वागणूक हाच लोकांसाठी नियम बनतो, आणि शेवटी ही पद्धत ओळखून मजकूर लगेच उतरवण्याची तजवीज त्यांनीच कर्नलमध्ये केली.

हे सगळं डिस्क खरं बोलते असं धरून. तिच्याही पोटात कॅश असते आणि कॅशमध्ये घेतल्यावरच ती ‘लिहिलं’ म्हणते. वर क्रमही बदलते. म्हणून कर्नलला ‘आधी हे रिकामं कर’ अशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. वेगापायी ईएक्सटी३ मध्ये ही काळजी मुळात बंद असायची, ईएक्सटी४ मध्ये ती चालू झाली. मॅकओएसवर साधा एफसिंक आजही ड्राइव्हची कॅश रिकामी करण्याची सक्ती करत नाही. त्यासाठी वेगळी, अधिक कडक आज्ञा आहे.

आणि मजकूर पोहोचूनही बिघडला तर? १५ लाखांहून अधिक डिस्कांवर ४१ महिने केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न जुळण्याच्या चार लाखांवर घटना आढळल्या. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एहरेन्स यांनी सन कंपनीत घडवलेली, २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस याच शंकेवर उभी आहे. तिथे ब्लॉकचा चेकसम त्याच्या शेजारी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. डिस्कनं ‘लिहिलं’ म्हणून प्रत्यक्षात जुनाच ब्लॉक तसाच ठेवला, तर त्याच्या शेजारचा चेकसमही जुनाच राहील आणि दोघं बिनबोभाट जुळतील. वरच्या ब्लॉकमधला मात्र जुळणार नाही. जुन्या ब्लॉकवर न लिहिता नवा ब्लॉक लिहून शेवटी मुळातला निर्देश बदलायचा, ही तिची दुसरी खूण. लिनक्सच्या बीटीआरएफएसनं चेकसम आणि नवा ब्लॉक लिहिण्याची रीत दोन्ही उचललं, पण चेकसम वरच्या ब्लॉकमध्ये ठेवले नाहीत. ॲपलची एपीएफएस चेकसम ठेवते, पण फक्त मेटाडेटाचे.

एफसिंकवरचा विश्वासही २०१८ मध्ये हलला. एफसिंकला अपयश आलं की पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेस तो पुन्हा करून बघायचा. लिनक्स मात्र पहिल्या अपयशानंतर कॅशमधली न उतरलेली पानं ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर उतरलेली, ठरवून मोकळा व्हायचा, त्यामुळे दुसरा एफसिंक यशस्वी म्हणून परतायचा आणि मजकूर कुठेच नसायचा. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेएसक्यूएलनं असं अपयश दिसताच पुन्हा प्रयत्न न करता स्वतःला पाडायचं आणि उठून स्वतःच्या लॉगवरून सगळं पुन्हा उतरवायचं ठरवलं.