होला, लहान तपकिरी

कोलंबिफॉर्मिस गणाच्या कोलंबिडी (कपोत) कुलातील एक छोटा रानपक्षी. शास्त्रीय नाव स्पिलोपेलिया सेनेगालेन्सिस; जुन्या ग्रंथांत स्ट्रेप्टोपेलिया सेनेगालेन्सिस. नुसते ‘होला’ म्हटले की पुष्कळदा हाच पक्षी अभिप्रेत असतो. ठिपक्यांचा होला, पठाणी होला व तांबडा होला या मात्र निराळ्या जाती आहेत. ‘कवडा’ हे नाव बोलीत एकाहून अधिक जातींना लावतात, त्यामुळे केवळ नावावरून ओळख पक्की होत नाही.

ओळख पक्की होते ती गळ्यावरून. पक्ष्याची लांबी सु. २५–२७ सेंमी. असून डोके व मान गुलाबी-जांभळट, पाठ मातकट तपकिरी आणि पंखांच्या कडेला निळसर राखी पट्टा असतो. शेपटी लांब, बाहेरची पिसे टोकाला पांढरी. उडताना ती पसरली की लगेच नजरेत भरतात. गळ्याच्या पुढच्या बाजूस, दोन्ही अंगांना तांबूस-काळ्या चौकटींचा पट्टा असतो. ठिपक्यांच्या होल्याचा काळा-पांढरा चौकडा मानेच्या मागे असतो, तर पठाणी होल्याच्या मानेवर काळी अर्धकडी असते. नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांना चौकडा नसतो.

या गळ्यावरूनच वर्गीकरणाचा वाद उभा राहिला. स्वीडिश वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७६६ मध्ये सेनेगलमधील पक्ष्यावरून ‘कोलंबा सेनेगालेन्सिस’ हे नाव दिले. पुढे तो स्ट्रेप्टोपेलिया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गेला. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘कडेवाले कबूतर’. वास्तविक या पक्ष्याच्या मानेभोवती कडे नाही. रेणवीय अभ्यासातून हा होला व ठिपक्यांचा होला एकमेकांना सर्वांत जवळचे असून कडेवाल्या होल्यांच्या समूहापासून वेगळे पडतात, असे दिसून आले. दोघांची स्वतंत्र प्रजाती मानली, तर नाव कोणते, हा पुढचा प्रश्न. स्वीडिश पक्षिशास्त्रज्ञ सुंदेवाल यांनी १८७२–७३ च्या सुमारास एकाच ग्रंथात स्टिग्मॅटोपेलिया व स्पिलोपेलिया ही दोन नावे दिली होती आणि दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, ‘ठिपकेवाले कबूतर’. पहिले नाव छापील ओळींच्या क्रमाने आधी येते म्हणून काहींनी ते ग्राह्य मानले. परंतु पक्षिशास्त्रज्ञ शॉडी व मेसन यांनी १९९७ मध्ये ‘प्रथम पुनर्परीक्षक’ (एकाच वेळी दिलेल्या नावांतून जो अभ्यासक प्रथम निवड करील, त्याची निवड मान्य) या नियमाच्या आधारे स्पिलोपेलिया निवडले. नामकरणाची संहिता ओळींच्या क्रमापेक्षा अशा निवडीला महत्त्व देते. म्हणून येथे तेच नाव घेतले आहे.

भारतीय उपजातीला कांबायेन्सिस म्हणतात. हे नाव खंबायतवरून (खंभात) आले. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिन यांनी १७८९ मध्ये ते दिले, आणि त्याच वर्षी ठिपक्यांच्या होल्याच्या भारतीय रूपाला सुरतेवरून नाव दिले. गुजरातच्या दोन बंदरांची नावे अशी या दोन सख्ख्या जातींना चिकटली. वैदिक वाङ्‌मयातील ‘कपोत’ म्हणजे नेमका कोणता पक्षी, याबद्दल मतभेद आहेत. तो शब्द एका जातीला बांधून न घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

आवाज मंद, घुमटदार, पाच-सहा स्वरांचा. मध्ये चढून पुन्हा उतरतो. तो हसण्यासारखा वाटतो म्हणून इंग्रजीत याला ‘हसरा होला’ म्हणतात. गंमत अशी, की ‘हसरा’ अर्थाचे ‘रिसोरिया’ हे लॅटिन नाव लिनीअस यांनी आधीच पाळीव कडेवाल्या होल्याला देऊन टाकले होते.

जोडीने किंवा लहान थव्याने जमिनीवर चालत हा पक्षी सांडलेले दाणे व गवताचे बी टिपतो. कधी वाळवी व इतर किडेही खातो. कपोतकुलाच्या रीतीप्रमाणे चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता, सलग पाणी ओढतो.

विणीचा काळ प्रदेशानुसार बदलतो. अनुकूल ठिकाणी वीण जवळजवळ वर्षभर चालते. नर मान खालीवर करीत मादीमागे फिरतो, पंख वाजवीत वर झेपावतो आणि तरंगत खाली येतो. काड्या नर आणतो, रचते मादी. घरटे म्हणजे झुडपात, निवडुंगात किंवा वळचणीला ठेवलेला काड्यांचा इतका विरळ थर, की कधी खालून अंडी दिसतात. अंडी २, पांढरी. १३–१५ दिवसांत फुटतात. दिवसा बहुतांश वेळ नर उबवितो. शत्रू जवळ आला तर घरट्यावरचा पक्षी जखमी झाल्यासारखा फडफडत त्याला दूर नेतो. पिल्लांना पहिले दिवस मिळते ते कपोतदुग्ध. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे आईबापांच्या अन्नपुटाचे (गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीचे) अस्तर जाड होते व त्यातून प्रथिने-मेदयुक्त पेशी सुटतात. हेच ते दूध. ते नर-मादी दोघेही पाजतात. साधारण दोन आठवड्यांत पिल्ले उडतात आणि जोडी पुष्कळदा त्याच घरट्यात पुन्हा अंडी घालते.

सहारेच्या दक्षिणेकडील आफ्रिका, पश्चिम व मध्य आशियाचे भाग आणि भारतीय उपखंड हा मूळ प्रसार. कोरडी झुडपी राने, शेते व वस्त्या आवडीच्या. घनदाट ओले जंगल तो टाळतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ मध्ये सोडलेल्या पक्ष्यांपासून त्याची वस्ती पश्चिमेकडे स्थिरावली. एरवी तो स्थायिक. तथापि गुजरातेत ओळखीसाठी पायात वाळे घातलेले पक्षी सु. २०० किमी. उत्तरेस पाकिस्तानात सापडले आहेत, आणि अरबी समुद्रात दमलेले होले जहाजांवर उतरल्याच्याही नोंदी आहेत.